हातांनी म्हटलेलं भजन

यवतमाळचा दुर्गोत्सव म्हणजे रात्र रात्र जागे असलेले रस्ते. मंडपात जागर रंगतो आणि आमच्या नात्यातली कर्णबधिर पोर साउंड बॉक्सच्या अगदी पुढची जागा धरते. ढोलकीची थाप चढली की तिची पावलंही बरोबर त्याच ठेक्यात पडतात. ताल तिला छातीत कळतो. भजन काय सांगतंय, ते मात्र तिच्यापर्यंत पोचत नाही, आणि मला तेच सलतं.

तुकडोजी महाराजांची खंजिरी आपल्या वऱ्हाडात गावोगाव वाजते. त्यांचं भजन तर लोकांना शहाणं करण्यासाठीच होतं. मग कर्णबधिरांनीच का मुकावं? दिग्दर्शक गोविंद निहलानींनी 2017 साली राष्ट्रगीत सांकेतिक भाषेत पडद्यावर आणलं. तसं भजनही मंडपात खुणांनी सांगता येईल. पण शब्दाला शब्द लावून भागत नाही. सांकेतिक भाषेच्या दुभाष्याला भजन पाठ हवं, अर्थ पचलेला हवा. भुवया, खांदे, सगळा चेहरा बोलायला हवा. ध्रुपद फिरून आलं की तीच खूण पुन्हा, पण अंगात ठेका घेऊन.

मंडळांनी दुभाष्याला गायकाच्या शेजारीच उभं करावं, हातांवर स्वच्छ उजेड ठेवावा, मागे झगमगती लायटिंग नको. भजनांची यादी आठवडाभर आधी द्यावी. आणि मानधनही, गायकाला देतात तसंच. यंदा मंडळाच्या बैठकीत मी हा विषय काढणार आहे. माझी वर्गणी याच कामाला लावा, असंही सांगणार आहे.