विसरलेला ‘सी’

गेल्या दिवाळीत इंजिनिअरिंगला असलेली मुलगी चार दिवस बेळगावला घरी आली, ती लॅपटॉपवर एक प्रकल्प घेऊनच. आमच्या गच्चीवरच्या टाकीचे गणित तिने सिम्युलिंकमध्ये मांडले होते. एका चौकोनात येणारे पाणी, दुसऱ्यात जाणारे. दोहोंची वजाबाकी ‘इंटिग्रेटर’ नावाच्या चौकोनात शिरायची आणि पलीकडून टाकीतला साठा बाहेर पडायचा. नळाला पाणी येते नऊला. सहापासून खर्च तासाला 100 लिटर. आलेख म्हणत होता, नऊ वाजता टाकीत उणे 300 लिटर पाणी!

“बाबा, अधिक-उणे चिन्हं तपासली, जोडण्या तपासल्या, काळाची पायरीसुद्धा लहान करून पाहिली. फरकच नाही!” ती रडकुंडीला आली होती.

मला त्या यंत्रातले काही कळत नाही. पण गणित घेऊन एम.ए. झालो आहे. म्हटले, “अगं, सकाळी सहाला टाकीत पाणी होतं किती?”

“असेल 600 लिटर.”

“हे त्याला सांगितलंस का?”

तिने चौकोन उघडला. आरंभीच्या किमतीच्या जागी 0. आपण सांगितले नाही की तो शून्य धरून चालतो. तिथे 600 लिहिताच आलेख जसाच्या तसा वर उचलला गेला. नऊ वाजता 300. चूक प्रत्येक क्षणी सारखीच असेल, तर दोष आरंभात शोधावा. काळाबरोबर ती वाढत गेली, तर आत शिरणाऱ्या आकड्यात. तासाला एका लिटरची चूक दिवसात 24 लिटर होते. इंटिग्रेटर सगळे साठवीत जातो.

हा तर आमचा जुना ‘सी’, संकलनाचा स्थिरांक! कॉलेजात तो लिहायचा राहिला की सर अर्धा गुण कापत. तेव्हा राग यायचा.

त्या रात्री झोप लागेना. सहामाहीच्या प्रगतिपत्रकावर आठवीतल्या एका मुलाला मी शेरा दिला होता : ‘प्रगती नाही’. गणितात 28. वडील वीटभट्टीवर, भट्टीमागे गाव बदलणारे घर. जूनमध्ये तो कुठून निघाला होता, हे मी पाहिलेच नव्हते. यंत्र निदान शून्य धरते. मी सर्वांचा आरंभ 35 धरून बसलो होतो.

शाळा उघडताच जूनच्या चाचणीचे कागद काढले. त्याचे गुण होते 6. मी शेरा खोडला आणि शेजारी लाल शाईनेच लिहिले : ‘6 वरून 28.’