चाकूर ते मुक्तिनाथ, व्हाया ३६१!

बाइकवरून परदेशात जायला विमानाचं तिकीट लागतंच असं नाही. लातूर-नांदेड रस्ता धरून निघालात तरी चौथ्या दिवशी दुसरा देश येतो. फक्त सोबत कोण आहे, ते आधी बघा!

'फॉरेन बाइक ट्रिप' म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? व्हिएतनामचे घाट, भाड्यानं घेतलेली मोठ्ठी बाइक आणि ईएमआयवर काढलेली टूर. ऑफिसच्या कँटीनमध्ये असे प्लॅन दर सोमवारी बनतात आणि शुक्रवारपर्यंत विरून जातात. पण नकाशा जरा वेगळ्या ठिकाणाहून उघडून बघा. समजा, चाकूरपासून!

लातूर आणि नांदेडच्या मधलं हे तालुक्याचं गाव. पुण्या-हैदराबादला नोकरी करणाऱ्या इथल्या कितीतरी पोरांसाठी दिवाळीला परतायचं घर. तुळजापूरहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग ३६१ चाकूर, अहमदपूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा करत नागपूरजवळ बुटीबोरीला पोचतो. पुढे जबलपूर, रीवा, वाराणसी, गोरखपूर आणि मग सोनौली. तिथली कमान ओलांडली की नेपाळ. सगळं मिळून साधारण साडेचौदाशे-पंधराशे किलोमीटर. म्हणजे इथून दिल्ली जेवढी लांब, जवळपास तेवढंच!

गंमत म्हणजे चाकूरला सीमा सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. देशाच्या कुठल्याही सीमेपासून इतक्या लांब, पण तयारी सीमेची. आपल्यालाही तेच करायचंय. सीमा ओलांडायची खरी तयारी गावातच होते.

आधी घरी सांगा

नेपाळसाठी आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. आधार कार्ड मात्र आपल्या वयाच्या लोकांना चालत नाही, आणि ते सीमेवर कळलं तर पंधराशे किलोमीटर वाया! बाइकसाठी तिथं 'भन्सार', म्हणजे जकातीची पावती करावी लागते. जितके दिवस राहणार तितक्या दिवसांची. मुदत उलटली तर परतताना दंड. त्यासाठी आरसी, लायसन्स, इन्शुरन्स सगळं मूळ प्रतीत हवं.

आता खरी गोची. बाइक दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचं संमतिपत्र सोबत ठेवावं लागतं. आणि आपल्याकडे किती बाइक वडिलांच्या नावावर असतात, ते सांगायला नको. सही हवी म्हणजे घरी सांगणं आलं. 'मित्राच्या लग्नाला चाललोय' ही थाप इथं चालत नाही, बॉस!

इन्शुरन्सचंही तसंच. आपली नेहमीची पॉलिसी भारतापुरती असते. नेपाळ, भूतान, बांगलादेशसारख्या शेजारी देशांसाठी जादा प्रीमियम भरून तिची हद्द वाढवून मिळते. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. एजंटला आठवडाभर आधी फोन करा.

शेवटच्या बाइकचा स्पीड

एकट्यानं जाणं वेगळं. पुण्याच्या रमिला लटपटे मार्च २०२३ मध्ये नऊवारी नेसून बाइकवर जगप्रवासाला निघाल्या, तेव्हा कुठं थांबायचं हे त्यांचं त्यांना ठरवता येत होतं. ग्रुपमध्ये ते सहा-आठ जणांनी मिळून ठरवायचं असतं. कुणाकडे साडेचारशे सीसी, कुणाकडे दीडशे. एकाला फोटो काढायचेत, एकाला रेकॉर्ड करायचंय!

म्हणून जुने रायडर एकच नियम सांगतात : ग्रुपचा स्पीड म्हणजे शेवटच्या बाइकचा स्पीड. सगळ्यांत पुढे रस्ता माहीत असलेला, सगळ्यांत मागे हत्यारं आणि पंक्चरचं सामान घेतलेला अनुभवी गडी. प्रत्येक फाट्यावर पुढच्यानं थांबायचं, मागचा आरशात दिसेपर्यंत. नेपाळमध्ये रोमिंग नसेल तर आपलं सिम मुकं होतं, त्यामुळे 'चुकला तर फोन करेल' हा हिशेब सोडा.

रोज पाचशे किलोमीटरच्या वर जायचं नाही. पहिला मुक्काम नागपूर, दुसरा रीवा, तिसरा गोरखपूर. अंधार पडला की बाइक बंद. या ट्रिपमध्ये भीती घालतो तो हिमालय, पण रात्रीच्या हायवेवर लाइट न लावता उभा असलेला ट्रक जास्त धोक्याचा. चाकूर-लातूर बिनहेल्मेट जायची सवय असेल, तर ती याच ट्रिपला मोडा.

वाऱ्याच्या गावात

सोनौलीहून बुटवल, तिथून सिद्धार्थ राजमार्गानं वळणं घेत पोखरा. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून, फक्त घड्याळ पंधरा मिनिटं पुढे. पोखऱ्यात तलावाकाठी एक दिवस आराम करा. तिथंच अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचं परमिट काढा. सार्क देशांतल्यांना ते स्वस्त पडतं.

बेनीच्या पुढे खरी परीक्षा. कालीगंडकीच्या कडेनं दगड, धूळ, कधी रस्त्यावरूनच वाहणारा ओढा. एका बाजूला ८,१६७ मीटरचा धौलागिरी, दुसऱ्या बाजूला ८,०९१ मीटरची अन्नपूर्णा, आणि मधल्या दरीत आपण! दुपारनंतर जोमसोमकडे असा वारा सुटतो की बाइक तिरकी धरावी लागते. म्हणून हा टप्पा सकाळीच उरका.

तुळशीच्या लग्नात आपल्या देव्हाऱ्यातला काळा शाळिग्राम पुढे ठेवतात ना, तो याच नदीचा. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथं समुद्र होता, त्यातल्या शंखासारख्या जिवांचे हे दगड झालेले अवशेष. आजीच्या देव्हाऱ्याचा पत्ता असा नदीच्या पात्रात सापडतो, तेव्हा 'फॉरेन' हा शब्दच जरा हलका होतो.

मुक्तिनाथ सुमारे ३,८०० मीटरवर. आपलं गाव सहाशेच्या आसपास. इतक्या उंचीवर कुणाचंही डोकं ठणकू शकतं, मळमळू शकतं. फिटनेसचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. त्रास वाढला तर उपाय एकच : खाली उतरायचं. आणि खाली एकट्याला पाठवायचं नाही. मंदिराच्या १०८ धारा अगदी जवळ आलेल्या असताना एकासाठी दोघं-तिघं मागे फिरतील का? या प्रश्नाचं उत्तर जोमसोमला शोधायचं नसतं. ते चाकूरच्या चहाच्या टपरीवरच ठरवून निघायचं असतं. ज्या ग्रुपला हा प्रश्न विचारायलाच संकोच वाटतो, त्यानं गोव्याला जावं.

आठच दिवस सुट्टी आहे?

स्वतःच्या बाइकवर जायला पंधरा दिवस हवेत : चार जायचे, चार यायचे, सात तिथले. तेवढे नसतील तर काठमांडूला विमानानं जाऊन बाइक भाड्यानं घ्या. सोबत बॅकअप गाडी देणाऱ्या टूरही मिळतात. लाजायचं काही कारण नाही. व्हिएतनामचा मोह असेल तर एक लक्षात ठेवा : आपल्याला आरटीओत मिळणारं आंतरराष्ट्रीय परमिट १९४९ च्या करारानुसार असतं, व्हिएतनाम मानतो १९६८ चा. बाइक भाड्यानं मिळेल, पण अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनी हात वर करू शकते. तिथं स्थानिक रायडरच्या मागे बसून फिरणं शहाणपणाचं!

निघण्याआधी

सीझन : ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च-एप्रिल. सोयाबीनची रास झाली, दिवाळीचा फराळ झाला की निघा. पावसाळ्यात दरडी कोसळतात.

पैसे : आपला १ रुपया म्हणजे नेपाळचे १.६०. हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. आपल्या मोठ्या नोटांचे तिथले नियम बदलत असतात, निघायच्या आठवड्यात बघून घ्या.

सामान : क्लच केबल, ट्यूब, चेनचं तेल, रेनकोट, डोकेदुखीची गोळी. आणि वडिलांच्या सहीचा कागद, प्लास्टिकच्या पिशवीत!