पेण-रोह्याकडील मैदानें आणि हरलेली पलटण

मुंबईहून कोंकणांत उतरणाऱ्या प्रवाशांस पेण व रोहें हीं दोन गांवें बहुधा खिडकींतूनच दिसतात आणि मागें पडतात. दिव्याहून निघालेली गाडी पनवेल, आपटें, जितें, हमरापूर करीत पेणेस येते. पुढें कासू, नागोठणें, निडी आणि मग रोहें. कोंकण रेल्वेचा आरंभ येथूनच होतो. १९९८ सालीं ती अखंड खुली झाल्यापासून दूरच्या प्रवाशास येथें उतरण्याचें प्रयोजनच उरलें नाहीं. पेण म्हणजे गणपतीच्या मूर्ती आणि रोहें म्हणजे धावीर महाराजांची पालखी, इतकी माहिती मात्र घरोघर असते. ती खोटी नव्हे. हमरापूर-जोह्याकडील कारखान्यांतून वर्षभर मूर्तींचें काम चालतें, आणि रोह्यास पालखी निघतांना पोलिसांची सशस्त्र मानवंदना होते ती पाहण्यासारखी खरीच. तथापि गेल्या हिंवाळ्यांत आम्ही या बाजूस आठ दिवस राहिलों तें निराळ्या ओढीनें. आम्हांस तेथील कबड्डी पाहावयाची होती.

भात कापून झालें, खळ्यावरचें काम आटोपलें, कीं या दोन तालुक्यांतील मैदानें जागीं होतात. जमीन चोपून, पाणी शिंपडून, चुन्याच्या रेषा आंखून १३ मीटर लांब व १० मीटर रुंद क्रीडांगण सिद्ध केलें जातें; भोंवतीं दिवे, आणि ध्वनिक्षेपकावर समालोचकाचा अखंड घोष. संध्याकाळीं लागलेले सामने मध्यरात्र उलटली तरी संपत नाहींत. आगरी व कोळी वस्तींतील आज्या नातवंडांस मांडीवर घेऊन बसलेल्या असतात, आणि पंचाचा निर्णय होण्यापूर्वींच त्यांचा झालेला असतो. आमच्या शेजारच्या एका आजीबाईंनीं डाव्या कोपऱ्यांतला गडी पाय धरण्याची घाई करतो हें पहिल्या पांच मिनिटांत सांगितलें. त्या रात्रीं त्याचा संघ हरला तो बव्हंशीं त्या कोपऱ्यामुळेंच. सामना संपल्यावर तो गडी आजीबाईंच्याच पाठोपाठ घरीं निघाला. तो त्यांचा नातू होता. वाटेंत त्यास काय ऐकावें लागलें असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

आमच्या लहानपणीं या खेळास हुतूतू म्हणत. त्याचे जुने प्रकार तीन: संजीवनी, गामिनी व अमर. गामिनींत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसतो. अमरांत कोणीच बाहेर जात नाहीं, केवळ गुण मोजले जातात. संजीवनींत प्रतिपक्षाचा गडी बाद केला कीं आपला एक गडी जिवंत होतो. आज खेळला जातो तो संजीवनीचा प्रकार. सातहि गडी बाद झाले तर समोरच्यांस लोणाचे दोन गुण अधिक मिळतात, पण बाद झालेले सातहि पुन्हां उभे राहतात. लोण म्हणजे मीठ. हा शब्द आट्यापाट्यांतहि आहे, आणि खाडीकांठच्या मिठागरांचा इतिहास असलेल्या पेण तालुक्यांत तो कानीं पडला कीं आमच्यांतला संस्कृतचा मास्तर उगाच जागा होतो. कबड्डीचें मूळ अभिमन्यूच्या चक्रव्यूहांत शोधणारेहि पुष्कळ भेटतात. परंतु त्या बिचाऱ्यास दम संपण्यापूर्वीं मध्यरेषेस शिवण्याची सोय कोणीं ठेवली नव्हती.

हा जिल्हा मुंबई व पुणें यांच्या मध्यें पडतो, त्यामुळें येथील घरांत एक वाद कायमचा शिरला आहे. २०१४ सालीं प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हां आठ संघांपैकीं दोन आपल्या राज्यांतले होते: मुंबईचा यू मुंबा आणि पुण्याची पुणेरी पलटण. यू मुंबा पहिल्याच वर्षीं अंतिम सामन्यापर्यंत पोंचला व जयपूरकडून हरला. २०१५ सालीं तो विजेता झाला. आणि पलटण? साखळीचे चौदा सामने संपले तेव्हां ती आठांत आठवी. दुसऱ्या वर्षींहि आठवी.

रोह्यास आम्ही ज्या आप्तांकडे उतरलों होतों त्यांचें कुटुंब एकत्र आहे; लहानथोर मिळून अठरा माणसें. थोरल्या पातीचीं मुलें मुंबईस नोकरीला, धाकट्या पातीचीं तेव्हां पुण्यास शिकत होतीं. सुटीला सारीं एकत्र जमलीं कीं 'पलटणीचें पानिपत' हे शब्द आमसुलाच्या सारासारखे प्रत्येक पंगतींत वाढले जात. दोन वर्षें धाकट्या पातीनें मान खालीं घालून भात कालवला. एके दिवशीं थोरल्या काकूंनीं, ज्यांनीं तोंवर या वादांत लक्ष घातलें नव्हतें, वाढतां वाढतां विचारलें, "पण हरल्यावर तीं मुलें जेवायला जातात कोणाच्या घरीं?" पंगत क्षणभर गप्प झाली. हॉटेलांत जातात, असें कोणीसें सांगितलें.

आमच्या मतें काकूंचा प्रश्न सगळ्या समालोचनांपेक्षां नेमका होता. गांवचा संघ हरतो तो आपल्याच माणसांत हरतो आणि त्यांच्यांतच परत जातो. धंदेवाईक संघाचे गडी निरनिराळ्या प्रांतांतून बोली लावून आणलेले. २०१४ सालीं सर्वांत मोठी बोली राकेश कुमार याच्यावर लागली, १२ लाख ८० हजारांची. २०२३ सालीं पवन सेहरावत २ कोटी ६० लाख ५० हजारांस गेला. आंकडे ऐकून डोळे दिपतात. पण संघ तळाशीं गेला कीं पुढल्या बोलीच्या वेळीं नांव पुकारलें जाईल कीं नाहीं ही धास्ती मागें असते. पेणेकडील एक जुने खेळाडू आम्हांस भेटले. त्यांस कबड्डीवर रेल्वेंत नोकरी लागली होती आणि तेथूनच ते निवृत्त झाले. ते म्हणाले, "गुरुजी, आम्ही रविवारीं हरलों तरी सोमवारीं कामावर हजर, आणि एक तारखेला पगार." रेल्वे, पोलीस, बँका, मोठे कारखाने यांनीं खेळाडूंस अशी भाकर दिली, म्हणून तर कबड्डी जगली.

तरी पराभवाचा मुलाहिजा ठेवण्याची रीत लीगमध्येंहि होती. विजयास पांच गुण. परंतु सात किंवा त्याहून कमी गुणांनीं हरणाऱ्यासहि त्या वेळच्या नियमानें एक गुण मिळे. मैदानांत तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असतां केलेल्या पकडीस एक गुण जास्त. अमेरिकेंतील बेसबॉलमध्यें असली दयामाया नाहीं. तेथें शिकागोचा व्हाइट सॉक्स हा संघ २०२४ सालीं १६२ पैकीं १२१ सामने हरला, आणि एका धांवेनें गमावलेला सामनाहि पुरता पराभव म्हणूनच मोजला गेला.

पलटणीनें संघ बदलला. मनजीत छिल्लर याच्या नेतृत्वाखालीं २०१६ सालच्या दोन्ही हंगामांत ती तिसरी आली. विजेतेपद मात्र दहाव्या हंगामापर्यंत हुकतच राहिलें. १ मार्च २०२४ रोजीं हैदराबादेस तिनें हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असें हरविलें. कर्णधार नगर जिल्ह्यांतला अस्लम इनामदार. या विजयांत तरुण पोरांचा वांटा मोठा, हें खरें; पण त्याच संघांत २ कोटी ३५ लाखांना घेतलेला इराणचा शादलूहि होता, हें धाकट्या पातीची मंडळी सहसा सांगत नाहींत.

सध्यां त्या घरांत प्रश्न निराळा आहे. धाकट्या पातीचा सतरा वर्षांचा मुलगा उत्तम चढाई करतो. यंदा बारावी सोडून वर्षभर सराव करावा असें त्याच्या मनांत आहे. वडिलांस तें मान्य नाहीं. आजोबा बोलत नाहींत. आई दोन्हीकडून रडते. आमचें मत विचारलें गेलें तेव्हां आम्हीं सांगितलें कीं परीक्षाहि द्यावी आणि खेळहि सोडूं नये, व त्याबरोबर सर्वांची नाराजी एकदम ओढवून घेतली. "तुम्हांला तरी कोठें खेळायचंय, आजोबा!" असें मुलगा म्हणाला. त्यांत तथ्य आहे.

त्याच रात्रीं कुंडलिकेपलीकडच्या एका गांवीं त्याचा सामना होता. आम्ही थंडीमुळें गेलों नाहीं. दीड वाजतां दार वाजलें. काकूंनीं पिठलें-भात झांकून ठेवला होता. त्या उठल्या, आणि त्यांच्याबरोबर निम्मे घर उठलें. पोराचा गुडघा खरचटला होता. तो मुकाट्यानें पाटावर बसला.

"कितीनें?" थोरल्या पातीच्या दादानें विचारलें.

"सहा गुणांनीं."

"प्रोमध्यें असतास तर एक गुण मिळाला असता रे," दादा म्हणाला, आणि तुपाचें भांडें त्याच्याकडे सरकवलें.