मामा, मी आणि नारिंगी वायर

"तुझा तो लेख वाचून पोरगं आयटीआय सोडायला निघालंय. आता तूच जा आणि निस्तर!"

रविवारची सकाळ, हातात कॉफीचा मग, पायजमा अजून बदललेला नाही आणि आईचा हा असा फोन. पोरगं म्हणजे माझा मामेभाऊ. मुक्काम पोस्ट अमडापूर, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा. आणि 'तो लेख' म्हणजे मी वर्षभरापूर्वी दोन तासांत पाडलेला आठशे शब्दांचा तुकडा. फ्रीलान्सर माणूस, डेडलाइन आणि घरभाडं एकाच तारखेला येतं. मारुतीने एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 चे नियम लागू होताच डिझेल गाड्या बंद केल्या, इलेक्ट्रिक गाड्या आल्या, हायब्रिड आल्या, वगैरे वगैरे. शेवटी मी टाळ्यांसाठी एक वाक्य ठोकलं होतं, 'गल्लीतल्या गॅरेजवाल्यांनी आता शटर ओढायची तयारी ठेवावी.' मानधन आलं, मी विसरले. लेख मात्र व्हॉट्सअॅपवरून फिरत फिरत अमडापूरला पोचला. मामाचं गॅरेज आहे. डिझेलचं. आणि धाकटा आयटीआयला 'मेकॅनिक डिझेल'च करतोय.

आता बोला!

नेमकी ताईच्या नवऱ्याने नवी गाडी घेतली होती. इनोव्हा हायक्रॉस, तीही हायब्रिड. जिजूंना म्हटलं, दोन दिवस द्या. त्यांनी किल्ली दिली, पण चेहरा असा की किडनी काढून देताहेत. आई आणि ताई मागे, मी स्टिअरिंगवर, अशी आमची वरात पुण्याहून निघाली.

इनोव्हा म्हणजे काय, हे मराठी घराला वेगळं सांगायला नको. 2005 मध्ये क्वालिसची जागा घेऊन आली, 2016 मध्ये क्रिस्टा झाली. लग्नाचं वऱ्हाड, अष्टविनायक, एअरपोर्टची पिकअप, सगळीकडे हीच. तब्येतीने दणकट, पण दिसायला? खरं सांगायचं तर व्हॅन ती व्हॅन. नोव्हेंबर 2022 मध्ये हायक्रॉस दाखवली गेली तेव्हा कंपनीने गाडी मुळापासूनच बदलली होती. नाक उभं आणि रुंद, बॉनेट उंच, एकदम एसयूव्हीचा रुबाब. आतून तर आणखी मोठा बदल. जुनी लॅडर फ्रेम गेली, मोनोकॉक बॉडी आली. ताकद मागच्या चाकांऐवजी पुढच्या चाकांना मिळू लागली. त्यामुळे गाडीच्या पोटातून मागे जाणारा दांडा गेला आणि बसायला जागा वाढली. हायब्रिडमध्ये डिझेल नाहीच. दोन लिटरचं पेट्रोल इंजिन आणि जोडीला इलेक्ट्रिक मोटर. दोघांची मिळून ताकद 180 पीएसच्या वर, तर क्रिस्टाच्या 2.4 लिटर डिझेलची 150. शून्य ते शंभर 9.5 सेकंदांत आणि लिटरला 23.24 किलोमीटर, हे कंपनीचे आकडे. लाँचच्या वेळी टॉप मॉडेलची किंमत 28.97 लाख होती. जिजूंचा चेहरा आता कळला ना?

तसं हायब्रिड आपल्याकडे नवं नाही. टोयोटाची प्रियस जपानमध्ये 1997 लाच आली. आपल्याकडे 2008 मध्ये होंडाने सिव्हिक हायब्रिड आणली, किंमत एकवीस लाखांच्या वर. लोकांनी कौतुकाने पाहिली आणि डिझेल घेऊन घरी गेले!

माझा अनुभव विचाराल तर पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडीने जीव जिंकला. सिग्नलला इंजिन बंद, मुंगीच्या वेगाने सरकताना मोटरवर, स्क्रीनवर अॅव्हरेज मस्त. संभाजीनगरनंतर समृद्धी महामार्गाला लागलो, शंभरच्या पुढे गेलो आणि तेच अॅव्हरेज सोळापर्यंत घसरलं. साधं गणित आहे. ब्रेक मारताना वाया जाणारी शक्ती पकडून बॅटरीत भरायची, ही हायब्रिडची खरी कमाई. मोकळ्या रस्त्यावर ब्रेकच लागत नाही, तर कमाई कुठून होणार?

जालना, देऊळगाव राजा, चिखली करत अमडापूर आलं. टेकडीवरचं देवीचं देऊळ लांबूनच दिसलं आणि पोटात गोळा आला. मामाला काय तोंड दाखवू?

मामाचं गॅरेज म्हणजे चिखली-खामगाव रस्त्यालगतची पत्र्याची शेड. कमांडर, सुमो, ट्रॅक्टर, सगळे इथले पेशंट. मामाची ख्याती अशी की गाडी वळणावर असतानाच नुसत्या आवाजावरून सांगणार, 'नोझल गेलं हिचं.' मी गाडी शेडपुढे नेऊन उभी केली. शेवटचे वीस-तीस मीटर ती मोटरवरच आली. मामा पाठ करून काहीतरी घासत होता. त्याला कळलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा एक गाडी मामाच्या दारात आली आणि त्याला ऐकू आली नाही.

आमच्या घरात मामा भाचीच्या पाया पडतो. तो वाकला आणि मला तिथेच धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"काय बाप्पा, चालू हाय का बंद?" मामाने गाडीवर हात ठेवून विचारलं.

"चालूच आहे मामा."

त्याने बॉनेट उघडायला लावलं. वाकून कान लावला. शांतता. वरती प्लास्टिकचं कव्हर आणि बाजूने जाड नारिंगी वायरी. मामाचा हात सवयीने पुढे गेला, आणि धाकटा ओरडला, "बाबा, थांबा! नारिंगीले हात नाई लावायचा. शेकडो व्होल्ट असतेत त्याच्यात."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. पठ्ठ्याने सगळं वाचून ठेवलं होतं. हाय व्होल्टेजच्या वायरी मुद्दाम नारिंगी असतात. काम करायचं तर आधी सर्व्हिस प्लग काढायचा, निदान दहा मिनिटं थांबायचं आणि रबरी हातमोजे घालायचे. हिला वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, क्लचसुद्धा नाही. मामाच्या हाताखालची निम्मी कामं तो बोटांवर मोजून कमी करत होता. मामा ऐकत होता. वाकलेला माणूस सावकाश सरळ उभा राहिला आणि त्याने बॉनेटपुढची जागा पोराला दिली.

"म्हंजे ताईनं लिवलं ते खरंच हाय," धाकटा म्हणाला. "काहून शिकू मग डिझेल?"

आता माझी पाळी होती. मी कबूल केलं की लेख लिहिताना मी एकाही गॅरेजमध्ये पाय ठेवला नव्हता. "हिच्यात इंजिन आहेच ना? ऑइल आहे, कूलंट आहे, सस्पेन्शन आहे, ब्रेक आहेत. आणि या रस्त्यावर आज डिझेल किती धावतात, मोज." हे बोलताना मला माझाच आवाज बारीक वाटत होता. कारण निम्मं काम खरंच गेलं होतं, आणि ते लपवणं म्हणजे दुसरा खोटा लेख.

दुसऱ्या दिवशी शेगावला दर्शनाला निघालो. स्टिअरिंगवर मामा. चिखली घाटावर, खामगाव घाटाखाली. उताराला लागताच मामाने सवयीने गिअर टाकायला हात नेला. धाकटा म्हणाला, "नुस्ता ब्रेक हलका दाबा बाबा, मोटरच जनरेटर होते." स्क्रीनवर बॅटरीच्या कांड्या एकेक करत भरू लागल्या. मामाने एकदा रस्त्याकडे, एकदा स्क्रीनकडे बघितलं.

"तीस वर्षं ह्या घाटात नुस्ते लायनर जाळले आपन," तो म्हणाला. मग बराच वेळ गप्प. खामगाव आल्यावर पोराला म्हणाला, "परीक्षा दे पैले. मग पुण्याले जाय, ताईकडं राहा, हे करंटचं शिक. मले आता जमनार नाई. तुले जमते."

धाकट्याने परीक्षा दिली. सध्या माझ्या हॉलमध्ये त्याची गादी पडलेली असते आणि माझ्या फ्रीजमधलं काहीही टिकत नाही. त्या लेखाची दुरुस्ती मी कधी छापली नव्हती. ही समजा.

आणि हो, जिजूंच्या गाडीची सर्व्हिसिंग जवळ आलीय. वॉरंटी आहे, गाडी शोरूमलाच जाणार. पण मामाचा फोन येऊन गेलाय, "नेण्याआधी फोनवर मले आवाज ऐकवा." आता कसला आवाज ऐकवायचा, हा आमचा सध्याचा फॅमिली प्रॉब्लेम!