दहा हजारांतली एक पेशी

मी लहान मुलांच्या ल्युकेमियावर संशोधन करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट ना?" ट्रान्सप्लांट आमच्या कामात आहेच; पण माझा बराचसा वेळ जातो तो ते कोणत्या मुलाला लागणार नाही, हे शोधण्यात.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा ल्युकेमिया म्हणजे एएलएल, अर्थात अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. चांगले उपचार पूर्ण झाले तर यातली बहुतेक मुलं नुसत्या केमोथेरपीने बरी होतात. पहिला टप्पा साधारण महिन्याभराचा. तो संपला की मुलाच्या कमरेच्या हाडातून मज्जेचा नमुना काढतात आणि जांभळ्या टोपणाच्या नळीतून तो आमच्याकडे येतो. मायक्रोस्कोपखाली तो बहुतेकदा स्वच्छ दिसतो, पण तेवढ्यावर विसंबून चालत नाही. आम्ही पेशींना चमकणाऱ्या रंगांच्या खुणा लावतो, त्या एकामागोमाग एक लेसरसमोरून सोडतो आणि लाखो पेशींतून लपून राहिलेल्या आजारी पेशी हुडकतो. दहा हजारांत एक, म्हणजे 0.01 टक्का, ही आमची रेघ. आकडा तिच्या खाली आला की रिपोर्टवर 'एमआरडी निगेटिव्ह', म्हणजे मोजण्याजोगा आजार उरलेला नाही, असं लिहिता येतं.

पडद्यावर प्रत्येक पेशीचा एक ठिपका. खरी कसोटी पुढेच असते. केमोनंतर मज्जा सावरू लागली की कोवळ्या, निरोगी बी-पेशीही तयार होतात आणि त्यांच्यावरही सीडी10, सीडी19 याच खुणा असतात. पण या पेशी मोठ्या होत असतात, म्हणून त्यांचे ठिपके ठरावीक वळणाने पुढे सरकलेले दिसतात. आजारी पेशी मात्र वाढीच्या एकाच पायरीवर अडकून घोळका करतात. तो घोळका नजरेनेच टिपावा लागतो. शंका आली की मी सहकाऱ्याला बोलावते आणि माझं मत न सांगता पडदा तिच्यासमोर ठेवते.

इतकं जपायचं कारण, ट्रान्सप्लांट लागणार की नाही हे बरंचसं या आकड्यावर ठरतं, आणि ट्रान्सप्लांट मी जवळून पाहिलं आहे. आधी जबर केमो, कधी संपूर्ण शरीराला रेडिएशन देऊन मुलाची स्वतःची मज्जा संपवतात. मग दात्याच्या स्टेम सेल्सची पिशवी सलाइनसारखी टांगतात. त्या पेशी रक्तातून आपल्या आपण हाडांपर्यंत पोहोचतात. रुजायला काही आठवडे लागतात. तोवर तोंडभर फोड, ताप आणि बंद खोली. न्यूट्रोफिल सलग तीन दिवस 500 च्या वर राहिले की पेशी रुजल्या असं समजतात. त्यानंतरही दात्याच्या पेशी मुलाच्या कातडीवर, आतड्यांवर, यकृतावर उलटू शकतात. वाढ खुंटू शकते. मोठेपणी मूल होण्याची शक्यताही कमी होते.

मराठवाड्यातून आलेल्या, दादरच्या धर्मशाळेत राहणाऱ्या एका आईने मला विचारलं होतं, "मॅडम, बहिणीचं रक्त अंगात खेळायलंय, मग पोरगा तिच्यावानी होईल का हो?" मी म्हटलं, "नाही हो ताई. चेहरा, स्वभाव सगळा त्याचाच. रक्तगट तेवढा तिचा होईल." पुढच्या तपासणीत त्याच्या रक्तपेशी खरोखरच दोन एक्स गुणसूत्रांच्या, बहिणीच्या निघाल्या. केमोनंतर त्याचा आजार उलटला होता. त्याच्यासाठी ट्रान्सप्लांट हाच मार्ग होता आणि तो वेळेवर झाला.

सख्ख्या भावंडाशी एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. 1983 मध्ये टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणींनी देशातलं पहिलं मॅरो ट्रान्सप्लांट केलं, तेव्हा सगळी भिस्त अशा जुळणीवर होती. आता आई किंवा वडिलांच्या अर्ध्या जुळणीवरही ट्रान्सप्लांट होतं. 2023 मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या, रुग्णाच्याच टी-पेशी बदलून परत देणाऱ्या कार-टी उपचारालाही मान्यता मिळाली. हाताशी इतके मार्ग आले, म्हणूनच कोणत्या मुलाला कोणत्या मार्गाने न्यायचं हे अचूक ठरवणं जास्त गरजेचं झालं आहे.

मज्जेचा नमुना फार काळ टिकत नाही; एक-दोन दिवसांत तो यंत्रावर चढायला हवा. मुंबईपासून दूरच्या मुलांचं इथेच अडतं. नांदेडच्या, अकोल्याच्या मुलाची एमआरडी तिथल्या तिथे, परवडेल अशा खर्चात व्हावी, यासाठी सध्या मी खपते आहे. ट्रान्सप्लांट लागणारं मूल वेळेत कळावं आणि न लागणारं त्यातून सुटावं, हा हक्क मुंबई गाठू शकणाऱ्यांपुरता राहता कामा नये.