डाळिंब लाल आहे म्हणून रक्त वाढतं का?

"डॉक्टर, रोज दोन डाळिंबांचा रस देते मी हिला. घरचीच बाग आहे आपली. तरी रक्त कमी कसं?"

राहुरीकडच्या एका सासूबाईंचा हा प्रश्न. सून सातव्या महिन्यात, हिमोग्लोबिन ७.८. लोहाच्या गोळ्यांचं पाकीट पिशवीत जवळजवळ भरलेलंच होतं. शी काळी होते म्हणून दोन दिवसांत गोळ्या बंद केल्या होत्या. मी त्यांना काय रागावणार? प्रॅक्टिसच्या सुरुवातीला मीही चिठ्ठीवर 'डाळिंब, बीट खा' असं लिहून देत होतो.

मी विचारलं, "मावशी, बागेत जुनं गणेश डाळिंब होतं ना कधी? त्याचे दाणे कसे होते?"

"फिकट गुलाबी."

गणेशचा संकर गुल-ए-शाह रेड या रशियाकडून आलेल्या लाल जातीशी केला आणि त्यातून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मृदुला, आरक्ता या गडद लाल दाण्यांच्या जाती दिल्या. म्हणजे लाली आली ती संकरातून, लोहातून नव्हे. तो रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्याचा असतो. जांभळालाही रंग त्याच्यामुळेच येतो. आपल्या रक्ताचा लाल रंग मात्र लोह असलेल्या हिमोग्लोबिनचा. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

आता हिशेब बघा. १०० ग्रॅम दाण्यांत लोह साधारण ०.३ मिलिग्रॅम. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला फुकट मिळणाऱ्या एका गोळीत ६०. तेवढं लोह डाळिंबातून घ्यायचं तर २० किलो दाणे खावे लागतील!

म्हणून रक्त कमी असेल तर गोळीच घ्या. किती आणि किती दिवस, ते तुमचे डॉक्टर सांगतील. शी काळी होणं हे गोळीमुळेच होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. सोबत लिंबूपाणी चालेल. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी त्या वेळी नको. गोळी सोसतच नसेल तर परस्पर बंद करू नका, येऊन सांगा. शिरेतून लोह देता येतं.

मग डाळिंब खायचं नाही का? जरूर खा, पण रस काढू नका. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने डाळिंब बेरी प्रकारात मोडतं, आणि त्यातला चोथा बियांत असतो. रस गाळला की चोथा जातो, साखर राहते. मधुमेह असेल तर अर्धी वाटी दाणे जेवणात धरून चालतील, पेलाभर रस नको. किडनीचा त्रास असलेल्यांनी पोटॅशियममुळे आधी विचारावं.

आमच्याकडे दाणे दहीभातात पडतात, काकडीच्या कोशिंबिरीत पडतात, पोह्यांवरही. मला स्वतःला मोड आलेल्या मटकीत कांदा, लिंबू आणि मूठभर दाणे घालून आवडतं. मटकीतलं लोह अंगी लागायला लिंबाची मदत होते. दाणे कोशिंबिरीत अगदी वाढताना घाला, नाहीतर दही गुलाबी होतं. सोलताना डाळिंब पाण्याच्या भांड्यात फोडा: दाणे तळाशी जातात, पांढरा पापुद्रा वर तरंगतो आणि कपड्यांवर डाग पडत नाहीत.

सुनेने त्या रात्रीपासून गोळ्या सुरू केल्या. महिन्याने हिमोग्लोबिन ९.१ आलं. सासूबाई म्हणाल्या, "रस बंद केला, पण दाणे देते हं मी!"