जोते आणि माडी

गेल्या ज्येष्ठातील गोष्ट. वामकुक्षी आटोपून मी ओसरीवर सुपारी कातरीत बसलो होतो. तोच धाकट्या बंधूंचा नातू पुठ्ठ्याची एक जड पेटी दोन्ही हातांनी सांभाळीत आला आणि ती त्याने माझ्या पायांशी ठेवली. आत बिडाची एक वस्तू होती. पूजेतला शंख वाढून लोखंडाचा झाला असता, तर असाच दिसला असता. "आबा, हा टर्बोचार्जर. आपल्या मोटारीला बसवायचा," तो म्हणाला. चिरंजीवांनी कराडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची पदवी घेतलेली असल्यामुळे त्यांच्याशी यंत्राविषयी वाद घालण्याचा मजसारख्या मॅट्रिक मास्तराला अधिकार नाही. परंतु तो बसविण्याच्या खर्चासाठी त्याला माझ्याकडून तीस हजार रुपये हवे होते. आणि ज्याने पैसे द्यावयाचे, त्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार आपोआपच प्राप्त होतो.

"आपली मोटार" म्हणजे कैलासवासी बंधूंनी मागे ठेवलेली जुनी मारुती एस्टीम. चिपळूणहून परतताना कुंभार्ली घाटात पाच माणसे आणि दोन फणस यांच्या ओझ्याने ती हल्ली अगदी धापा टाकते. मागून येणारे लोक कर्णे वाजवीत पुढे जातात, हे आमच्या नातवास सहन होत नाही.

कोयनानगरात जन्म काढलेल्यास टर्बाइन म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस नेलेले आमच्या जलाशयाचे पाणी पोफळीस चाकांवर पडते आणि वीज होते. या लोखंडी शंखातही तसेच एक चाक असते. फक्त पाण्याच्या जागी इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर असतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास दुसरे चाक असते. ते बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबते. हे सारे मिनिटाला लाखावर फेरे घेते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने या कल्पनेचे पेटंट 1905 साली घेतले. वाया जाणाऱ्या धुराकडून काम करवून घेण्याची ही युक्ती कोणत्याही काटकसरी गृहिणीस पसंत पडावी.

"बरे," मी म्हटले, "हवा दीडपट आत गेली. मग बाकीच्या मंडळींचे काय?"

येथून चिरंजीवांचा आवाज थोडा खाली आला. दीडपट हवेस दीडपट पेट्रोल लागते, कारण एक भार पेट्रोल पुरते जळावयास सुमारे 14.7 भार हवा हवी, हे प्रमाण ठरलेले. तेव्हा इंधनाचा पंप मोठा हवा, इंजेक्टर मोठे हवेत. ते कमी पडले तर मिश्रण विरळ होते, ज्वाला अधिक दाहक होते आणि पिस्टनला चक्क भोक पडू शकते. शिवाय हवा दाबली की तापते. सायकलचा पंप मारताना त्याच्या बुडाशी बोट लावलेल्या प्रत्येक मुलास हे ठाऊक आहे. तीस अंशांची हवा अर्ध्या वातावरणाच्या जादा दाबाने आत ढकलली, तर ती ऐंशी-नव्वद अंशांवर सहज जाते. अशा तापलेल्या हवेत पेट्रोल शिस्तीने जळत नाही. उरलेले मिश्रण आपण होऊनच एकदम भडकते. यालाच 'नॉक' म्हणतात. इंजिनावर आतून हातोडे बसावेत तसा तो प्रकार. तो टाळण्यासाठी हवा निवविणारा इंटरकूलर हवा, ठिणगीची वेळ आवरणारा संगणक नव्याने जुळवून घ्यावयास हवा आणि इंजिनातला मूळचा दाबही थोडा कमी करावयास हवा.

या बाबतीत अमेरिकेतील ओल्ड्समोबील जेटफायर या मोटारीची कथा मोठी बोधप्रद आहे. 1962 साली टर्बोचार्जरसह विक्रीस आलेल्या पहिल्या मोटारींपैकी ती एक. तिच्या इंजिनातला दाब मूळचाच जास्त ठेवलेला होता. म्हणून नॉक आवरण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण एका निराळ्या टाकीतून शिंपडण्याची व्यवस्था केली होती. मालक ती टाकी भरावयास विसरत. 1963 नंतर ती मोटार निघालीच नाही.

मी विचारीत गेलो आणि तो सांगत गेला. लाख फेऱ्यांचा तो दांडा तेलाच्या पातळ पापुद्र्यावर तरंगतो. तेव्हा तेल आणणारी नळी स्वच्छ हवी आणि परत नेणारी रुंद व उताराची हवी. घाट चढून आल्यावर इंजिन तत्काळ बंद करू नये, क्षणभर संथ चालू ठेवावे. नाहीतर आतले तेल तापून कोळसा होते. वाढलेला जोर चाकांपर्यंत पोचविण्यास क्लच भक्कम हवा, रेडिएटर मोठा हवा. आणि ब्रेक! चढताना लागणारा जोर टर्बोचार्जर देईल. हेळवाकहून चिपळुणाकडे उतरताना मोटार आवरणे हे काही त्याचे काम नव्हे.

हे सर्व आमच्या नातवास ठाऊक होते. त्याच्या वहीत यादीही होती. खोट एवढीच, की यादीचा क्रम उलटा होता. "आत्ता टर्बो बसवून घेऊ, बाकीचं दिवाळीनंतर जमेल तसं."

माजघराच्या उंबऱ्याशी ताई वाती वळीत बसली होती. माझ्याहून ती तीन वर्षांनी मोठी. ती मान वर न करता म्हणाली, "आपले बाबाही असंच म्हणाले होते. माडी उठू दे, खालचं पुढच्या वर्षी."

यानंतर ओसरीवर बराच वेळ कोणी बोलले नाही. नातवास तो प्रसंग ऐकून माहीत असेल. मला तो दिसतो. 1966 साली काकांच्या लग्नासाठी वडिलांनी जुन्या घरावर माडी चढविली. खालच्या भिंती मातीत रचलेल्या दगडांच्या. आधी कोपरे बांधून घ्या, खांब द्या, असे गवंड्याने दोनदा सांगितले होते. परंतु माडी चार माणसांना दिसते. खांब कोणाला दिसतात? 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी धरणी हादरली. या टापूत पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. आमच्या घरचे कोणी गेले नाही, एवढी देवाची कृपा. परंतु माडीची तुळई ताईच्या डाव्या हातावर पडली. तेव्हापासून ती वाती एका हाताने मांडीवर वळते. वडिलांनी पुढे पंधरा वर्षांत एकदाही तिच्या वातींकडे पाहिलेले मला आठवत नाही.

त्याच पहाटे धरणालाही तडे गेले होते. ते सांधले, आणि उंच भागांना पायथ्याकडच्या अंगाने काँक्रीटचे भरभक्कम टेकू दिले. दारांवर झडपा बसवून पाणीसाठा 98.78 टीएमसीवरून 105.25 वर नेला, तो त्यानंतर कित्येक वर्षांनी. नातवाला मी हे सांगितले नाही. रोज खिडकीतून जे दिसते ते काय सांगावयाचे?

मी पैसे दिले, पण यादी उलटी करून. कराडच्या मिस्त्रीने प्रथम इंजिनाचा दाब तपासला. तिसऱ्या सिलिंडरचा दाब कमी, क्लचची तबकडी गुळगुळीत, रेडिएटर निम्मा तुंबलेला! म्हणजे जुनी मोटार दमत होती ती वयाने नव्हे, हयगयीने. हे काम आणि ब्रेक यांतच माझे रुपये संपले. आणखी एक गोष्ट नातवाने मागाहून कबूल केली. मोटार वाहन कायदा, 1988 याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशील मूळ निर्मात्याच्या तपशिलाहून भिन्न होईल असा बदल मालकास करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये याविषयी कडक निर्णय दिला आहे. तेव्हा परिवहन कार्यालयात चौकशी केल्यावाचून टर्बोचार्जरला हात लावावयाचा नाही, असे आमचे ठरले.

आता श्रावण लागला आहे. परवा आम्ही पाच जण चिपळूणला जाऊन आलो. घाटात मागून कर्णे वाजले, परंतु पूर्वीइतके नाहीत. वातींचा कापूस ठेवावयास ताईने ती पुठ्ठ्याची पेटी मागितली, ती नातवाने निमूटपणे दिली. शंख मात्र तेलाच्या फडक्यात गुंडाळून त्याने आपल्या उशाशी नेऊन ठेवला आहे.